स्वतःला धरून

फोनवर कुणी शिव्या दिल्या, तरी अर्लिस ट्वेट 'आपल्या वेळेबद्दल आभारी आहे' म्हणूनच फोन ठेवायची. डे मॉइनच्या त्या मतचाचणीच्या कचेरीत तिचं पंधरावं वर्ष चालू होतं आणि तिची पासष्टी उलटली होती. ऐन कापणीत, भर दुपारी फोन वाजला की आयोवातला शेतकरी काय काय बोलतो, ते तिच्याइतकं कुणी ऐकलं नसेल. कागदावर असेल ते, असेल तसं वाचायचं. आवाजात साखर नको, मीठ नको. आणि पलीकडचं माणूस ओळखीचं निघालं तर माफी मागून फोन ठेवायचा, हे तिथले नियम. नव्याने आलेल्यांना ते शिकवायची तीच.

त्या वर्षी उमेदवारांचं उदंड पीक आलं होतं. एकाच पक्षाचे बावीस जण अध्यक्ष व्हायला निघाले होते, आणि पक्षाचा उमेदवार कोण, ह्यावर देशातला पहिला कौल आमच्या आयोवाचा, म्हणून बावीसच्या बावीस आमच्याच रस्त्यांवरची धूळ खात हिंडत होते. दूध आणायला बाहेर पडावं तर दुकानाच्या दारात एक सिनेटर हात पुढे करून उभा. अर्लिसला त्यांचा राग यायचा तो वेगळ्याच कारणाने. एकेक नाव वाचायचं, एकेकाबद्दल 'खूप चांगलं मत, बरं मत, वाईट मत, की सांगण्याइतकी माहिती नाही' असं विचारायचं, म्हणजे एका फोनला पंचवीस मिनिटं. सातव्या नावाला माणसं कंटाळून फोन ठेवून द्यायची.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुपारी यंत्राने पुढचा नंबर लावला. पडद्यावर नाव-गाव येत नसे, नुसता अनुक्रमांक असे.

"हं, बोला," पलीकडून एक बाई म्हणाली.

दोनच शब्द, पण अर्लिसच्या हातातली पेन्सिल खाली पडली. आवाज जरा जाड झाला होता, थेट आईसारखा, पण ती जोलीनच होती. तिची धाकटी बहीण. पंधरा वर्षांत दोघींनी एकमेकींशी चकार शब्द काढला नव्हता.

नियमाप्रमाणे फोन ठेवायला हवा होता. जोलीनचा नंबर अर्लिसला पाठ होता, आणि तो लावायचं धाडस तिला पंधरा वर्षांत झालं नव्हतं. आज यंत्रानेच लावून दिला होता, तर ठेवायला हात उचलेना.

"नमस्कार," ती कागदावरचं वाचू लागली. "मी आयोवातल्या मतदारांच्या चाचणीसाठी बोलतेय. येत्या फेब्रुवारीत तुमच्या पक्षाच्या कॉकसला तुम्ही नक्की जाणार, बहुतेक जाणार, की जाणार नाही?"

मग जोलीन म्हणाली, "नक्की जाणार. न जाऊन सांगते कुणाला? आमच्या बाबांनी तंगडं मोडलं असतं."

ही आपल्याला ओळखून बोलली की सगळ्यांशीच अशी बोलते, हे अर्लिसला कळेना.

बाबा खरंच तसे होते. चार वर्षांनी एकदा, कॉकसच्या रात्री, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, ऑर्विल ट्वेट दोन्ही पोरींना पिकअपमध्ये शेजारी बसवून नॉर्डलच्या चर्चच्या तळघरात घेऊन जायचे. तिथे गुप्त मतदान वगैरे नाही. ज्याला जो उमेदवार पसंत, त्याने त्याच्या कोपऱ्यात जाऊन सगळ्या गावादेखत उभं राहायचं. डुकरांचा व्यापारी आणि पास्टरीणबाई एकाच कोपऱ्यात सापडायची, नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे. कॉफीचा वास, ओल्या लोकरी कोटांचा वास, बायकांनी आणलेल्या लिंबाच्या वड्या. पोरी टेबलाखाली बसून वड्या खायच्या आणि वर मोठी माणसं तावातावाने भांडायची. बाबा म्हणायचे, भांडायचं ते आत. बाहेर आल्यावर ज्याच्याशी भांडलो, त्याच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून द्यायचा. आणि ते द्यायचे. पोरी गाडीत कुडकुडत वाट बघत बसायच्या. त्या थंडीची आठवण आली की अर्लिसला अजूनही ऊब वाटायची, आणि मग डोळे भरून यायचे.

"आता मी काही नावं वाचते," ती म्हणाली. "गव्हर्नर हॉलवे."

"जत्रेत आला होता तोच ना? काडीला खोचलेली पोर्क चॉप काटा-सुरीने खात होता. सगळी जत्रा बघत उभी."

"म्हणजे वाईट मत?"

"बरं लिहा. आईने शिकवलं नसेल, त्यात त्याचा काय दोष."

"महापौर लिंडक्विस्ट."

"दोनदाच भेटलाय. इतक्यात काय सांगू?"

"सिनेटर पेलेग्रिनी."

"ती माझ्या स्वयंपाकघरात बसून गेली. रूबार्बच्या वड्या तीन खाल्ल्या, चार बांधून नेल्या. खूप चांगलं लिहा. डबा तेवढा परत द्यायला सांगा."

अर्लिसने ओठ घट्ट मिटले. हसायची परवानगी नव्हती. अकराव्या नावापर्यंत ती नेटाने वाचत आली, आणि तिथे तिचा आवाज चिरकला.

"पाणी प्या जरा," जोलीन म्हणाली. "मी थांबते."

"नको. मी ठीक आहे."

"लहानपणापासून अशीच हट्टी."

आजूबाजूला वीस जणी तीच बावीस नावं वाचत होत्या, त्यांचा गलका अर्लिसच्या कानावर आदळत होता.

"वाच गं पुढचं," जोलीनच शेवटी म्हणाली. "तुझं काम चुकायला नको."

अर्लिस वाचत गेली. डोळे कागदावर होते, मन मात्र त्या शेवटच्या कॉकसला जाऊन पोचलं होतं.

पंधरा वर्षांपूर्वीचा जानेवारी. चर्चचं तळघर पुरेना म्हणून शाळेच्या व्यायामशाळेत सगळे जमले होते. बाबांचं हृदय थकलं होतं, त्यांना घडीच्या खुर्चीत बसवलं होतं. त्यांचा उमेदवार म्हणजे एक मवाळ, माजी शाळामास्तर सिनेटर. तो एकदा त्यांच्या घरी येऊन गेला होता आणि त्याने बाबांशी तासभर फक्त गोठ्याच्या छपराबद्दल गप्पा मारल्या होत्या. बाबा त्यावर खूश. आयुष्यातला शेवटचा कौल ह्याला द्यायचा, असं ते उघड बोलायचे. त्या कोपऱ्याची प्रमुख अर्लिस. समोरच्या भिंतीशी दुसऱ्या उमेदवाराच्या कोपऱ्याची प्रमुख जोलीन, कारण तिचा नवरा मर्ल ज्या कारखान्यात होता, तिथल्या युनियनने त्या उमेदवाराला पाठिंबा दिला होता.

दारात सत्त्याऐंशी माणसांची नोंद झाली होती. ज्या कोपऱ्यात पंधरा टक्के माणसं नाहीत, तो मोडायचा, असा नियम. म्हणजे चौदा डोकी हवीत. अर्लिसने वही हातात घेऊन मोजली, तर तेरा. पुन्हा मोजली, तेराच. ती सगळ्यांदेखत व्यायामशाळा ओलांडून जोलीनपुढे जाऊन उभी राहिली. "एकच माणूस हवंय. बाबांसाठी. दहा पावलं चालायचंय तुला."

"माझ्या शब्दावर ही माणसं इथे उभी आहेत," जोलीन म्हणाली होती. "त्यांना टाकून कशी येऊ?"

कोपरा मोडला. बाकीचे इकडेतिकडे गेले. बाबा कुठेच गेले नाहीत, टोपी गुडघ्यावर ठेवून त्या रिकाम्या कोपऱ्यात एकटेच बसून राहिले. एप्रिलात ते वारले. दफनानंतर चर्चच्या तळघरात, हातात हॅमचं सँडविच घेऊन उभ्या असलेल्या सगळ्या गावासमोर अर्लिस बहिणीला म्हणाली, "आता रडतेस. जिवंत होते तेव्हा त्यांच्यासाठी दहा पावलं चालवली नाहीत तुला." जोलीनने कप खाली ठेवला आणि ती निघून गेली. उलटून एक शब्दही बोलली नाही. त्या उन्हाळ्यात अर्लिसने गाव सोडलं.

नावं संपली. राहिले ते शेवटचे, सगळ्यांना विचारायचे किरकोळ प्रश्न.

"स्वतःला धरून, तुमच्या घरात अठरा वर्षांवरची किती माणसं राहतात?"

"एक," जोलीन म्हणाली. "मर्ल गेल्यापासून एकच."

अर्लिसला ते कळलं होतं. दोन वर्षांपूर्वी एका चुलतभावाने कळवलं होतं. तिने दुःखाचं कार्ड विकत आणलं होतं, आणि ते अजून खणात पडून होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

"तो प्रश्न परत वाच," जोलीन म्हणाली.

"कशाला?"

"वाच तर खरं."

अर्लिसने वाचला.

"स्वतःला धरून," जोलीन सावकाश म्हणाली. "तुमच्या कंपनीला अक्कल आहे. हे लिहूनच ठेवावं लागतं. माणूस दुसऱ्यांना मोजायला लागला, की स्वतःला विसरतो."

"म्हणजे काय?"

"त्या रात्री तू स्वतःला मोजलं नव्हतंस, अर्लिस."

अर्लिसने प्रश्नाची ती ओळ पुन्हा मनात वाचली.

"गावच्या पेपरात तुमच्या कोपऱ्याचा फोटो आला होता," जोलीन सांगू लागली. "मी बाबांना सूप घेऊन आले होते, तू कामावर होतीस. बाबांनी फोटोवर बोट ठेवून एकेक डोकं मोजलं. तेरा, आणि वही घेतलेली तू चौदावी. 'चौदा होतो की गं आम्ही!' म्हणाले, आणि हसत सुटले. खोकला येईपर्यंत हसले. मग पेपर माझ्या पिशवीत कोंबला आणि म्हणाले, हे अर्लिसला कळता कामा नये."

"खोटं," अर्लिस म्हणाली. पण तोंडातून शब्द निघता निघताच तिला आठवलं. त्या रात्री सगळ्या कोपऱ्यांची बेरीज शहाऐंशी आली होती. एक माणूस कमी पडतंय म्हणून सभेच्या अध्यक्षीणबाईंनी विचारलं, तेव्हा कुणीतरी ओरडलं होतं, 'हार्लनची गाय व्यायला झालीय, तोच पळाला असेल!' सगळे हसले होते. तीही हसली होती. हार्लन मात्र तिच्याच कोपऱ्यात, तिच्या शेजारी उभा होता.

"मग तू दफनाच्या दिवशी का नाही बोललीस?" अर्लिसने विचारलं. "मी तुला सगळ्यांसमोर नाही नाही ते बोलले. तू एका शब्दात माझं तोंड बंद करू शकली असतीस."

"बाबांना शब्द दिला होता ना. ते म्हणाले, ती तुझ्यावर रागावलीय तर रागावू दे. राग उतरतो. पण स्वतःची चूक एकदा जिवाला लागली की ती उतरत नाही, अर्लिस तर खंगून जाईल." जोलीन नाक ओढत हसली. "मला वाटलं, वर्षभरात येशील ताळ्यावर. पण हा ट्वेटांचा राग! एकदा चढला की उतरायचं नावच घेत नाही."

अर्लिस रडत होती. शेजारच्या खुर्चीवरची बाई बघायला लागली, तरी तिने तोंड फिरवलं नाही. पंधरा वर्षं तिने जोलीनच्या त्या न चाललेल्या दहा पावलांचा हिशेब मनात ठेवला होता. आणि जोलीनने पंधरा वर्षं, गावात मान खाली घालून, तिची चूक स्वतःच्या अंगावर वागवली होती. मर्लच्या दफनालाही ती एकटीच उभी राहिली असेल.

"जोलीन, मी..."

"तुझे प्रश्न संपले का? एखादा राहिला असेल तर विचारून टाक, बाई. तुमच्याकडे म्हणे मागे कुणीतरी ऐकत असतं."

अर्लिसने बाहीने डोळे पुसले. कागदावर एक ओळ उरली होती. ती तिने हजारो वेळा, काही न वाटता वाचली होती.

"आणखी काही विचारायचं झालं, तर या नंबरवर तुम्हाला पुन्हा फोन केलेला चालेल का?"

"चालेल," जोलीन म्हणाली. "पण त्या बावीस जणांचं नको विचारूस."

"आपल्या वेळेबद्दल आभारी आहे," अर्लिस म्हणाली, कारण कागदावर तसंच होतं.

ती उठून देखरेख करणाऱ्या शॅननच्या टेबलाशी गेली. "हा शेवटचा फोन बाद कर. ओळखीचं माणूस निघालं, आणि मी ठेवला नाही."

शॅननने घड्याळ पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "सदतीस मिनिटं बोललात. असं कोण होतं?"

"माझी बहीण."

शॅननने खूण करून फोन बाद केला आणि पुढे काही विचारलं नाही. अर्लिसने कोट उचलला, बाहेर गाडी लावायच्या जागेत आली, आणि खिशातल्या फोनवर तो पाठ असलेला नंबर स्वतःच्या बोटाने लावला. पहिली रिंग पुरती वाजलीसुद्धा नाही.

"इतक्यात?" जोलीन म्हणाली.

"हो," अर्लिस म्हणाली. "मर्लचं सांग. शेवटी काय झालं, कोण कोण आलं होतं, सगळं सांग. मला खूप वेळ आहे."