नऊ समजून चढवलेलं विमान

आमच्या धावपट्टीच्या दोन बाजूंना दोन तुकड्या राहायच्या आणि दोन्हींकडे स्पिटफायर विमानंच होती. त्यांची नऊ नंबरची, आमची पाच नंबरची. लांबून बघणाऱ्याला काडीचा फरक दिसला नसता. आत बसणाऱ्याला मात्र राव कोण आणि रंक कोण ते लगेच कळायचं. रंक आम्ही होतो.

बेचाळीसचा उन्हाळा होता. जर्मनांनी फोके-वुल्फ आणल्यापासून पाच नंबरचे दिवस भरले होते. ते विमान सरळ उडताना आमच्यापेक्षा वेगवान, वर चढताना वेगवान, खाली सूर मारतानाही वेगवान. आमच्या हातात एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे आखूड वळण. त्याच्यापेक्षा लहान गिरकी आम्ही घेऊ शकत होतो. पण गिरक्या घेत घेत इंग्लिश खाडी ओलांडून कुणी घरी येत नाही. आम्ही पाडलेल्यांपेक्षा आमचे पडलेले जास्त झाले होते आणि हे सांगायला कुठल्या तक्त्याची गरज नव्हती. जेवणाच्या टेबलावरच्या खुर्च्याच सांगत होत्या.

मग नऊ नंबर आलं. सांगाडा तोच, इंजिन नवं. वीस हजार फुटांच्या आसपास त्याच्या इंजिनात हवा कोंबणारा पंखा आपोआप दुसऱ्या गिअरमध्ये पडायचा, पाठीत लाथ बसावी तसा धक्का बसायचा आणि विमान वर झेपावायचं. नऊवाले त्या लाथेचं कौतुक पहिल्या पोराच्या पहिल्या दातासारखं करायचे. ऐकून माझं डोकं उठायचं. पण खरं सांगायचं तर त्यांच्यामुळेच आम्ही जिवंत होतो. नऊच्या हातून मार खाल्लेले जर्मन आता कुठलंही स्पिटफायर दिसलं की बिचकायचे, कारण हे पाच की नऊ ते त्यांना लांबून कळत नव्हतं. शेजाऱ्याच्या दराऱ्यावर आमची गुजराण चालली होती.

म्हणून आमच्याकडे दोन नियम होते. रेडिओवर विमानाचा नंबर उच्चारायचा नाही, कारण पलीकडे जर्मन कान लावून बसलेले असतात. आणि शत्रूला पोट दाखवायचं नाही. नऊच्या दोन्ही पंखांखाली इंजिन थंड ठेवणाऱ्या सारख्या आकाराच्या पेट्या असतात, आमच्या एका पंखाखाली जाडी पेटी आणि दुसऱ्याखाली नळीएवढी. जवळून पोट दिसलं की पितळ उघडं पडलं. आमचा माहिती अधिकारी पेनफोल्ड युद्धाआधी शाळेत भूगोल शिकवायचा. हे दोन नियम तो रोज सकाळी पाढ्यांसारखे म्हणून घ्यायचा.

अशात वेसी आमच्याकडे आला. नऊवाल्यांचा हिरो, सात विमानं पाडलेला. बढती देऊन त्याला आमच्या फ्लाइटचा, म्हणजे अर्ध्या तुकडीचा, प्रमुख केलं होतं. बढती म्हणजे धावपट्टी ओलांडून या बाजूला येणं आणि चांगलं विमान सोडून जुनं घेणं. मी सार्जंट प्रॉबर्ट, त्याचा नंबर दोन. नंबर दोनचं काम एकच. पुढच्याच्या शेपटीवर नजर ठेवायची आणि तो जाईल तिथे जायचं, मग तो खड्ड्यात का जाईना. माझा बाप मर्थरच्या कोळसा खाणीत होता. तो म्हणायचा, पुढच्या माणसाच्या अंगात किती अक्कल आहे ते बघूनच बोगद्यात शिरावं. मला ती मुभा नव्हती.

एका सकाळी धावपट्टीकडेच्या झोपडीत चहा पिताना मॅकिलवेनने वेसीला छेडलंच. मॅकिलवेन कॅनडाचा, गव्हाच्या मुलखातला, आणि त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

"साहेब, आमच्या म्हातारीवर बसून कसं वाटतंय? रुसते बिसते का?"

वेसी हसला. "रुसत नाही. पण मधूनच वाटतं, आता लाथ बसेल, आता बसेल."

"वाट बघू नका, साहेब," मी म्हणालो. "आमची गाय भाकड आहे."

सगळे हसले. वेसीही हसला. मला त्याचं हसणं आवडलं नाही, कारण ते सवयीचं हसणं होतं. कान तिकडे, लक्ष भलतीकडेच.

दुपारी आम्ही चौघं बॉम्बफेक्या विमानांना सोडायला फ्रान्सपर्यंत गेलो. चौथ्याचं इंजिन खोकायला लागलं म्हणून तो अर्ध्यातूनच परतला. परत येताना किनाऱ्यावरच्या तोफांनी मॅकिलवेनला गाठलं. त्याच्या इंजिनातून पांढरी वाफ निघायला लागली. याचा अर्थ पाणी गळतंय. हळू गेला तर कदाचित पोचेल, जोर लावला तर इंजिन भाजून निघेल.

"पोहायला येतं का रे, मॅक?" वेसीने रेडिओवर विचारलं.

"आमच्याकडे समुद्र नाही, साहेब. तळ्यात येतं."

"मग खाली बघू नकोस. आम्ही आहोत वर."

आम्ही दोघं त्याच्या डोक्यावर नागमोडी घिरट्या घालत निघालो. तो खाली बैलगाडीच्या चालीने चालला होता. इंग्लंडचा किनारा धुरकट दिसत होता, दिसत होता आणि जवळ येत नव्हता.

तेव्हा मला ती दिसली. मागे, उजवीकडे, आमच्यापेक्षा बरीच वर, सहा फोके-वुल्फ. मी रेडिओवर सांगितलं. माझा आवाज मलाच बायकी वाटला.

ती लगेच अंगावर आली नाहीत. वरच्या वर आमच्याबरोबर सरकत राहिली. मला त्यांच्या मनातलं कळत होतं. खाली एक लंगडं सावज, वर दोन राखणदार. राखणदार पाच नंबरवर असतील तर तिघांचंही जेवण. नऊ नंबरवर असतील तर जरा विचार करावा लागेल.

वेसीने नाक वर उचललं आणि तो चढायला लागला.

मी त्याच्या मागे. पहिल्यांदा मला वाटलं, जरा उंची घेतोय, ठीक आहे. पण तो थांबेचना. पूर्ण जोर लावून, सरळ त्यांच्या दिशेने, नऊवाला चढतो तसा. अठरा हजारांवर माझं इंजिन दमेकऱ्यासारखं ओढायला लागलं. वेग उतरत होता. हातातला दांडा सैल पडत होता. आणखी थोडं वर गेलो असतो तर आम्ही हवेत टांगलेले कपडे झालो असतो. कुणीही यावं आणि काढून न्यावेत.

तेवढ्यात रेडिओवर वेसीचा आवाज आला. अगदी शांत. "जरा दम धर. आता ओढेल बघ."

आता ओढेल. हा माणूस लाथेची वाट बघत होता. सहा जर्मन बघताच त्याच्या हातापायांनी जुनी सवय धरली होती आणि आपण कशावर बसलोय हे तो साफ विसरला होता.

मला त्याचा असा राग आला की सांगायची सोय नाही. बोट बटणावर गेलं. साहेब, तुम्ही पाच नंबरवर आहात, एवढंच ओरडायचं होतं. वेसी शुद्धीवर आला असता. पण वरच्या सहा जणांच्या कानात ते वाक्य कुणीतरी लगेच घातलं असतं आणि मग मॅकिलवेन मेला असता, आधी तो, मग आम्ही. मी बोट काढलं. बोट काढणं मला त्या दिवसातलं सगळ्यात जड काम वाटलं.

वेसी किंचित डावीकडे वळत चढत होता. मी वळणाची आतली बाजू धरली आणि उरलासुरला वेग खर्चून त्याच्या शेजारी आलो, पंखाला पंख लागेल इतका. त्याची नजर वर खिळलेली. मी काचेवर हात आपटला, जणू त्याला ऐकू जाणार होतं. बघ ना रे, बघ इकडे! शेवटी त्याने मान वळवली. मी पंजा उघडून काचेला लावला. पाच बोटं.

प्राणवायूच्या मुखवट्यामुळे त्याचे फक्त डोळे दिसत होते. ते आधी माझ्या पंजावर आले. मग त्याने समोरच्या यंत्रांकडे बघितलं आणि पुन्हा माझ्याकडे. कळलं त्याला. माणूस चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यावर जसा बघतो तसा तो बघत होता.

आता काय करणार? वळलो तर पोट दिसणार. खाली सूर मारला तर पळणारे पाच नंबरवालेच, हे त्यांनाही ठाऊक. वेसीने बोट खाली केलं, मॅकिलवेनच्या दिशेने. मग तळहात उताणा करून वर ढकलला. चढत राहा.

आम्ही चढत राहिलो. चढलो म्हणायचं एवढंच. नाक वर होतं आणि विमान जेमतेम तरंगत होतं. मला आईची आठवण आली. प्रार्थना मात्र एकही आठवेना.

वरच्या सहांतून एक सुटला आणि आमच्याकडे झेपावला. बघायला आला होता. वेसीने नाक त्याच्यावर धरून ठेवलं, मी माझं. त्याला फक्त आमची तोंडं दिसायला हवी होती. त्याच्या पंखांवर ठिणग्या दिसल्या. माझ्या डाव्या पंखाला काहीतरी फाटकन लागलं आणि विमान थरथरलं. वेसीनेही तोफा चालवल्या. त्या धक्क्याने त्याचा उरलेला वेगही गेला असणार. जर्मन आमच्या डोक्यावरून इतक्या जवळून गेला की त्याच्या पोटावरचे तेलाचे ओघळ मला दिसले. वरून गेला. खालून गेला असता तर ही गोष्ट सांगायला मी नसतो.

तो मागे वळला नाही. लांब जाऊन सरळ झाला. बाकीचे पाचही त्याच्या मागे वळले आणि फ्रान्सकडे निघाले. आम्ही दोघांनी हळूच नाक खाली घेतलं.

मॅकिलवेन किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर पाण्यात उतरला आणि त्याला कोळ्यांनी ओढून काढलं. फोनवर त्याचं पहिलं वाक्य होतं, "समुद्र खारट आहे हे मला कुणी सांगितलं का नाही?"

पेनफोल्ड आमची वाटच बघत होता. प्रत्येक उड्डाणानंतर त्याच्यापुढे बसून सगळं सांगायचं आणि त्याने ते लिहून घ्यायचं ही रीत होती. पाडली किती, बहुधा पडली किती, जखमी किती. आमच्याकडे तिन्ही ठिकाणी शून्य होतं. पण मी चढाईचं सांगायला लागलो तसा त्याचा चेहरा उजळला. वेसी काय विसरला होता ते मी सांगितलं नाही. ते त्याचं त्याने सांगायचं होतं.

"अरे वेसी, हे केवढं मोठं आहे कळतंय का तुला?" पेनफोल्ड खुर्चीतून उठलाच. "पाच नंबर घेऊन सहा जणांच्या अंगावर चढलास आणि ते पळाले! आतापर्यंत आम्ही पोरांना सांगत होतो, वर जाऊ नका. आज संध्याकाळीच हे सगळ्या पाचवाल्या तुकड्यांना कळवतो. पळू नका, अंगावर चढा. आणि पदकासाठी तुझं नाव जाणार, ते मी बघतो."

वेसी हातातल्या कपाकडे बघत बसला. मी त्याच्याकडे बघत होतो. दक्षिणेकडच्या प्रत्येक तळावर माझ्यासारखी पोरं होती. शिकून आलेली, आज्ञाधारक. उद्या सकाळी त्यांना हे वाचून दाखवलं जाणार होतं. ती चढणार होती. आणि त्यांच्यापुढचे जर्मन काही आजच्या सहांइतके घाबरट असणार नव्हते.

सात विमानांचा मान, वर पदक, आणि दुसऱ्या पारड्यात ज्यांची नावंही ठाऊक नाहीत अशी पोरं. वेसीने तोंड उघडलं नाही तर मी उघडणार होतो. सार्जंटने अधिकाऱ्याला खोटं पाडलं की काय होतं ते मला माहीत होतं. तरी मी घसा खाकरला.

"थांब, प्रॉबर्ट," वेसी म्हणाला. त्याने कप खाली ठेवला. "पेनफोल्ड, काट ते."

"काय काटू?"

"सगळं. मी काही डाव टाकला नव्हता. मी विसरलो होतो. मला वाटलं, मी नऊवर आहे. धक्क्याची वाट बघत बसलो होतो, गाढवासारखा. याने पंजा दाखवला तेव्हा शुद्धीवर आलो. तोवर मागे फिरायची सोय उरली नव्हती. ते का गेले ते देव जाणे. त्यांचं पेट्रोल संपलं असेल."

पेनफोल्डचं पेन हवेतच राहिलं. "असं लिहू? अरे, पलीकडचे तुझेच लोक वर्षभर तुला हसतील. आणि तुझं पद? विमान विसरणाऱ्याच्या हाती कोण फ्लाइट देईल?"

"ते साहेब लोक ठरवतील. तू लिही, वैमानिक आपण कुठल्या विमानात आहोत हे विसरला. आणि खाली मोठ्या अक्षरात लिही, पाचवाल्यांनी वर चढायचं नाही."

पेनफोल्डने लिहिलं. वेसीने सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. साक्षीदार म्हणून माझीही सही लागत होती. मी सही केली. दुपारी वर असताना मला त्याला एक ठोसा मारावासा वाटला होता. आता त्याचा अभिमान वाटत होता आणि त्या गोष्टीचाही मला रागच आला.

दुसऱ्या दिवशी तो कागद सगळीकडे वाचला गेला. नऊवाले पोट धरधरून हसले. आठवड्याभरात वेसीकडून फ्लाइट काढून घेतली आणि त्याला साधा वैमानिक म्हणून आमच्यातच ठेवलं. नवा प्रमुख येईपर्यंत पुढे कोण उडणार असं विचारलं तेव्हा वेसीनेच माझं नाव सांगितलं.

"आणि तुम्ही, साहेब?" मी विचारलं.

"मी तुझ्या मागे," तो म्हणाला. "आणि साहेब म्हणू नकोस. तिथे वर वेळ नसतो."