मोहरीचं पोतं

पलीकडून भिंतीवर काठी आपटली, तेव्हाच मी ओळखलं, गवंड्याच्या घरात आज परत लॉटरीवरून पेटलंय.

आमच्या दोन घरांत भिंत एकच. तिकडं फोडणी दिली की इकडं शिंक येते, मग भांडण कुठं लपणार? गवंडीणवहिनी आणि मी एकाच बियाण्याच्या शेडात कामाला. दिवसभर मोहरी चाळायची, खडे-काडी वेचायची, संध्याकाळी घशात भुसा घेऊन घरी यायचं. तिचा नवरा, त्याला मी भाऊ म्हणते, पाच महिन्यांपूर्वी पाण्याच्या टाकीच्या परांचीवरून पडला. मांडीचं हाड मोडलं, आत लोखंडी पट्टी घातली. हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, "आता रोज चाला. नाही चाललात तर पाय लाकूड होईल." भाऊ दोनदा दारापर्यंत गेला, 'आई गं' म्हणाला आणि परत खाटेवर बसला तो बसलाच.

हात मात्र चालू होते. एक वही, एक पेन्सिल आणि देशातल्या तीन लॉटऱ्या. कोणतं तिकीट केवढ्याला, किती तिकिटांत एक लागतं, बक्षीस काय. हे सगळं तो रोज मांडायचा आणि तिकीट आणायचं वहिनीनं, शेडातून पाय ओढत, बसथांब्यावरच्या दुकानातून.

मी गेले तर वहिनी चुलीशी उभी, लाल झालेली.

"तूच सांग गं हिला," भाऊ म्हणाला. "धाकटी लॉटरी चहाच्या कपाच्या किमतीची. दहात एक लागते, पण लागून काय मिळतं? तिकिटाच्या दुप्पट."

"म्हणजे दहा द्यायचे नि दोन घ्यायचे," वहिनी म्हणाली. "वा! काय धंदा आहे!"

"तेच म्हणतोय मी. मधली घे. तिकीट त्याच्या पाचपट, नऊ लाखात एकाला दोन खोल्यांचं घर. आणि थोरली... तिकीट मधलीच्या सहापट. एक कोटी चाळीस लाखात एक. पण बक्षीस मधलीच्या शंभरपट! सहापट महाग, सोळापट अवघड, तरी शंभरपट माल. हिशेब कर. थोरलीच परवडते!"

मी बोटांवर मोजून पाहिलं. खरं सांगते, हिशेब बरोबर होता. वहिनीनंही केला असणार, कारण ती जास्तच भडकली.

"माझी अर्ध्या दिवसाची मजुरी म्हणजे तुमची थोरली! चार तास मी वाकून चाळायचं आणि तुम्ही बसून कोटी मोजायचे!"

"बसलोय ते काय हौसेनं?"

"मग उठा ना!"

त्यावर भाऊनं पुन्हा काठी आपटली आणि भिंतीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं मुकादमाकडून नाकारलेल्या मोहरीचं पोतं दोन दिवसांसाठी मागून घेतलं. हातगाडीवर घालून आम्ही दोघींनी आणलं. वारा असा सुटला होता की रस्त्यावरची माती दातात करकरत होती. मी विचारलं, "काय करणार आहेस?" ती गाडी ढकलत राहिली.

घरात आल्यावर तिनं जमिनीवर चिमूटभर दहा दाणे ठेवले. "ही तुमची धाकटी." शेजारी पातेलं ठेवलं, काठोकाठ मोहरीनं भरलेलं. "ही मधली. शेडात आम्ही रोज तोलतो, हजार दाण्यांना तीन ग्रॅम. नऊ लाखांचे पावणेतीन किलो." मग पोत्याचं तोंड सोडलं. "आणि ही थोरली. बेचाळीस किलो." एका दाण्याला लाल शाई लावली, फुंकून वाळवली, तो दाणा पोत्यात टाकला आणि दोन्ही हातांनी कोपरापर्यंत ढवळलं.

"कागदावर तुम्ही जिंकलात. आता डोळे मिटा आणि तो दाणा काढा. एकच दाणा. एक तिकीट, एक दाणा."

भाऊ हसला. मग त्यानं काढला. काळा. दुसरा काढला. काळा. तासाभरानं मी घरी आले तरी पलीकडं तो काढतच होता. सकाळी पाहिलं, खाटेखाली दाण्यांचा सडा आणि भाऊचे डोळे लाल.

"सुटलं का वेड?" मी वहिनीला विचारलं.

"कसलं सुटतंय! म्हणतात, असला दाणा कुणाला तरी सापडतोच ना, पेपरात फोटो येतो!" तिनं कपाळाला हात लावला. "दगडाला पाझर फुटेल, पण ह्यांना..."

मग तिनं भाऊला शेवटचं सांगितलं. "तिकिटाचे पैसे मी देईन. धाकटी, थोरली, हवी ती घ्या. पण आणायला मी जाणार नाही. गल्लीत कुणीही जाणार नाही, सगळ्यांना सांगून ठेवलंय."

चार दिवस दोघांत बोलणं नाही. भाऊनं मला हाक मारली, मी ऐकलंच नाही. दूधवाल्याला विनवलं, तो हसून निघून गेला. पाचव्या दिवशी शिव्या देत तो स्वतः उठला. कोपऱ्यापर्यंत गेला आणि घामानं भिजून परतला. "जीव घ्यायला निघालीय ही बाई!" सगळ्या गल्लीनं ऐकलं. वहिनी आत भाकऱ्या थापत होती. थापा जरा जोरातच पडत होत्या.

पण सोडतीची तारीख जवळ आली आणि तो परत उठला. कोपरा, मग हापसा, मग पिठाची गिरणी. दीड महिन्यानं एकदाचा बसथांब्यावर पोहोचला आणि थोरलीचं तिकीट घेऊन आला. लागलं नाही. पुढच्या आठवड्यात परत गेला. लागलं नाही. वहिनीची अर्ध्या दिवसाची मजुरी दर आठवड्याला पाण्यात. माझाच जीव तुटायचा.

परवा दुपारी गेलेला भाऊ दिवस कलला तरी आला नाही. वहिनी दोनदा दारात येऊन गेली. शेवटी आला तो कोपरापर्यंत सिमेंटनं माखलेला.

"काय झालं? पडलात कुठं?"

"पडतोय कशाला? शाळेचं कुंपण बांधतायत दोन दिवटे. ओळंबा कशाशी खातात माहीत नाही! भिंत बाहेर झुकलीय हातभर. म्हटलं पाडा. पाडायला लावली आणि तीन थर स्वतः चढवून दाखवले. उद्यापासून ये म्हणाला ठेकेदार. बसून देखरेख, अर्धी मजुरी."

वहिनीनं त्याचे सिमेंटनं भरलेले हात उलटून पाहिले. मग म्हणाली, "आणि तिकीट?"

भाऊनं खिसा चाचपला. "अगं... राहिलंच की!" मग लगेच, "असू दे. उद्या दोन आणतो."

तो हात धुवायला मागं गेला. वहिनी माझ्याजवळ आली, डोळे पुसत, तरी चिडलेलीच.

"एकच मागणं आहे गं," ती म्हणाली. "ह्यांचं तिकीट लागू नये. लागलं तर परत खाटेवर बसतील."