बनूबाईची हळद

मित्रांनो, मी एक जुना शब्दकोश आहे. पाठ मोडलेला, कडांना कसर लागलेला. पवित्र शास्त्र मुळात ज्या हिब्रू आणि ग्रीक भाषांत लिहिले गेले, त्यांतले शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांनी माझ्यात हाताने लिहिले. जाताना त्यांनी मला अंबरनाथच्या दिनानाथांना दिले. दिनानाथ कारखान्यात फिटर. रविवारी बदलापूरला उपासना घेत. ते मला वाचत आणि त्यांची बायको वृंदा माझ्याखाली शर्टाच्या कॉलरी दाबून ठेवी. मी दोघांच्याही उपयोगी पडलो.

१९५२ साली बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात अंजनीची हळद होती. तिची आई बनूबाई विधवा. पाड्यातली घरे ख्रिस्ती झाली, तरी विधवेने हळदीला हात लावायचा नाही ही चाल सुटली नव्हती. बनूबाई चुलीपाशीच बसून राहिली. पाटावरची अंजनी म्हणाली, "पहिली हळद आई लावणार नसेल, तर मी उठते."

"पोरी, धन्य बाईनं लावायची असते, जिचा नवरा हाय तिनं," अंजनीची पुतळाआत्या म्हणाली. "आमचं काय नाय, रीतच हाय."

प्रार्थनेला आलेल्या दिनानाथांनी मला उघडले.

"आत्या, धन्य कोण ते यात बघू. हिब्रूत 'बारूख' म्हणजे आशीर्वाद लाभलेला. 'अश्रे' म्हणजे धन्य, तो निराळा. तो कुणी कुणाला देत नाही, की काढून घेत नाही. एखाद्याचं खरं सुख दिसलं की तोंडून निघतो. ग्रीकमध्ये तोच 'मकारिओस'. जुने ग्रीक आपल्या देवांना तसं म्हणत, कारण त्यांना दुःख शिवत नाही. आणि प्रभूनं तो शब्द कुणाला लावला? रडणाऱ्यांना."

"कोशाला काय जातंय बोलायला. त्याला कुठं लेकीसुना हायेत?" आत्या म्हणाली.

मग तिने हळदीची वाटी उचलली आणि ती चुलीपाशी गेली.

"ऊठ गं बनू. भात करपला तर करपू दे."

बनूबाईने लेकीच्या दोन्ही गालांना हळद लावली. मग माझ्यापाशी येऊन हळूच विचारले, "कुठं लिहिलंय ते?" तिला वाचता येत नव्हते. दिनानाथांनी तिचे हळदीने भरलेले बोट धरून त्या शब्दावर टेकवले.

आज मी उल्हासनगरच्या एका कपाटात असतो. कुणी क्वचित उघडतो आणि म्हणतो, "हे पान खराब झालंय." मित्रांनो, जुनी पुस्तके जपा, कसर झटका, उन्हात ठेवा. पण डाग पडलेले पान फाडू नका. तेवढे एकच पान मला पाठ आहे, कारण त्यावर वाचता न येणाऱ्या बनूबाईच्या बोटाची हळद आहे.