काठावरचं नाव

माझा हात कल्हईत मुरलेला आहे, पण माझ्याइतका गाढव कल्हईवाला शिवाजी पेठेत दुसरा झाला नसेल. महाराजांनी शाळा सक्तीची केली त्याच्या आदल्या सालची ही गोष्ट. तेव्हा मला अक्षर ओळखता येत नव्हतं आणि त्याची लाजही वाटत नव्हती.

बयाबाई नवरा गेल्यावर दिराच्या, हंबीररावाच्या घरी मोलकरणीसारखी राबत होती. तिला वेगळं होऊन शाहूपुरीत गाडीवानांसाठी खानावळ घालायची होती. पंचांनी ठरवून दिलं होतं, ज्या भांड्यांच्या काठावर माहेरचं नाव असेल ती तिची, बाकीची घरची. तशी चारच होती, एक हंडा आणि तीन मोठी पातेली. मुरगूडच्या आईनं लग्नात टिंबाटिंबांनी नाव ठोकून दिलेली. वाटणी सोमवारी होती. त्याआधी ती भांडी घेऊन माझ्याकडे आली.

"मामा, आतनं चांगली कल्हई करा. माझी चूल ह्येच्यावरच पेटायची हाय."

"काळजी करू नगंस, बयाक्का," मी म्हणालो.

लगीनसराई होती. भट्टीपुढं भांड्यांचा ढीग पडलेला. तिची चारही भांडी मी चमनकडे दिली. चमन माझ्याकडचं जादा काम उचलायचा, हाताला साफ होता. ही भांडी कशासाठी हवीत हे मी त्याला सांगितलं नाही. आपली भांडी दुसऱ्याच्या हाती गेलीत हे बयाबाईलाही सांगितलं नाही.

रविवारी भांडी आली ती लखलखत. मी काठावरून बोट फिरवलं, ते कुठंच अडलं नाही.

"हितली टिंबं कुठं गेली?"

"लई खरबडलं हुतं," चमन कौतुकानं म्हणाला. "कानशीनं घासून काढलं की. त्येचं जादा काय मागत न्हाय मी."

मी त्याला नाही नाही ते बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला कुठं वाचाय येतंय? तुला तरी येतंय काय?"

सोमवारी मी पंचांपुढे उभा राहिलो. म्हणालो, "काम मी घेतलं हुतं, चूक माझी हाय. काठावर नावं हुती, मी बघितल्यात."

"काय लिवलं हुतं?" हंबीररावानं विचारलं.

तीस वर्षं पेठेतली भांडी नुसत्या पोच्यावरून ओळखणारा मी, बयाबाईकडं बघू लागलो.

"बाळाबाई, मुरगूड. माझ्या आईचं नाव," बयाबाई म्हणाली.

"तू म्हणणारच की," हंबीरराव म्हणाला. पंचांनी माना खाली घातल्या आणि भांडी घरची ठरली.

नवी घेऊन द्यायची माझी ऐपत नव्हती. तिची-माझी जात वेगळी, तरी मी माझ्या घरातला हंडा देऊ केला.

"तुमच्या हंड्यातलं गाडीवान खातील व्हय, मामा?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

पुढच्या साली लगीनसराईत तिच्या आईनं दिलेला तोच हंडा डोक्यावर घेऊन ती माझ्या भट्टीवर आली. हात भाजलेले, केस पिकलेले. हंडा खाली ठेवून तिनं काठ माझ्याकडे फिरवला. तिथं नवी टिंबं होती.

"भावजींनी आपलं नाव घालून घेतलंय," ती म्हणाली. "ह्ये तेवढं पुसू देऊ नगासा. मला बोलणी बसतील."

तो हंडा मी चमनकडे दिला नाही. स्वतःच कल्हई केली आणि त्या नावाला धक्का लागू दिला नाही.