बुवापाड्याचा फळा आणि आभाळातली होडी

काळा रंग विटला, एक कोपरा तुटला, तरी मित्रांनो, मला भंगार समजू नका. अंबरनाथच्या बुवापाड्यात, विहाराच्या वाचनालयात लटकणारा मी एक जुना फळा आहे. एकेकाळी माझ्यावर साऱ्या ब्रह्मांडाचा कारभार चालत असे!

माझा जन्म एमआयडीसीतल्या एका यंत्राच्या खोक्यातून झाला. तिथल्या भीमराव फिटरने त्याच्या फळ्या जोडल्या, काळा रंग दिला आणि १९८८ साली मला इथे टांगले. तेव्हा दर रविवारी सकाळी टीव्हीवर पुराणातल्या कथा लागत. त्या संपल्या की मंडळी माझ्यासमोर जमत. उडणारे रथ खरेच होते का? परग्रहावर माणसे असतील का? जादू आणि विज्ञान यांत फरक काय? वाद असा रंगे की चहा थंड होई.

वाचनालय सांभाळणाऱ्या सुंदराबाईंचा एक नियम होता. आधी समोरच्याचे म्हणणे फळ्यावर लिहायचे. त्याने मान डोलावली, की मगच आपले मांडायचे. असा नियम मोठमोठ्या सभांमध्येही नसतो, हे मी छाती फुगवून सांगतो.

एका रविवारी भीमरावच्या कारखान्यातला चांगो आला. तो बारवी धरणाकडच्या आदिवासी पाड्यावरचा, मितभाषी. त्याने आपल्या आईकडून, चंद्रीकडून, ऐकलेली गोष्ट सांगितली. आभाळातून एक होडी डोंगरावर उतरली आणि तिच्यातल्या बाईने माणसांना भाताचे बी दिले. मासिकांतल्या विज्ञानकथांचे वेड असलेला भीमराव हसला. त्याने माझ्यावर लिहिले, 'चांगो म्हणतो, भुते असतात.'

"मी भुताचं बोललोच नाय," चांगो म्हणाला. "खरंच झालं, असंबी नाय बोललो. तुमच्या गोष्टींच्या पंगतीत आमची गोष्ट बसवा, एवढंच."

पण भीमराव तोवर स्वतःचे मुद्दे लिहू लागला होता. चांगोने मान डोलावली नव्हती. तो उठून निघून गेला.

सुंदराबाई संतापल्या. "भीमराव, तुमच्या मासिकातलं यान आभाळातून आलं तर ते विज्ञान, आणि त्याची होडी आली तर भुतं? तो परत येईपर्यंत फळा पुसायचा नाही. वादही बंद."

तीन रविवार मी ते खोटे वाक्य अंगावर वागवले. मला फार लाज वाटली. लोक यायचे, वाचायचे आणि गुपचूप परत जायचे. चांगो कारखान्यातही भीमरावशी बोलेना. आमची बैठक मोडणार, अशी भीती मला वाटू लागली.

चौथ्या रविवारी भीमराव पहाटेच निघून चांगोच्या पाड्यावर गेला. चंद्रीबाईसमोर बसून त्याने सगळी गोष्ट ऐकली आणि दुपारी चांगोला सोबत घेऊन आला. त्याने मला स्वच्छ पुसले आणि वरपासून खालपर्यंत ती होडी, तो डोंगर, ती बाई, मूठभर बी, सगळे लिहिले. शेवटी खडूने हात पांढरे झालेला भीमराव बाजूला उभा राहिला.

चांगोने प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत वाचले.

"मूठभर नाय," तो म्हणाला. "वंजळभर."

भीमरावने 'ओंजळभर' अशी दुरुस्ती केली. चांगोने मान डोलावली.

तेव्हा जो टाळ्यांचा कडकडाट झाला, त्याचा अभिमान मला आजही आहे. मित्रांनो, मला नवा रंग द्याल तर मी आनंदाने घेईन. पण माझ्यासमोर उभे राहाल, तेव्हा आमचा नियम तेवढा जपा.

त्या दिवशी भीमरावने खडूचे दोन तुकडे केले आणि एक चांगोच्या हातात दिला.

"आता सांग," तो म्हणाला, "ती होडी चालायची कशावर?"

चांगो पहिल्यांदाच हसला. "बस खाली," तो म्हणाला, "आधी तुझं यान कशावर चालतं, ते मी लिवतो."