बुडाला भोक नसलेली बादली

मित्रांनो, मी एक जुनी बादली आहे. वीस लिटरची, पांढऱ्या प्लास्टिकची, कडीला गंज चढलेली. नेरळमधल्या एका इमारतीच्या गच्चीवर मी असते आणि माझ्यात टोमॅटोचं झाड आहे. गच्चीवर येणारे त्या झाडाचं कौतुक करतात. ते ऐकून मला आनंद व्हायला हवा. पण मला ओशाळल्यासारखं होतं. का, ते आज सांगून टाकते.

माझा जन्म कुंभिवलीजवळच्या एका कारखान्यातला. पोटात भिंतीचा रंग भरून मी टेंपोने नेरळला आले. रंगारी काम संपवून गेले आणि मी मागे राहिले. तिसऱ्या मजल्यावरच्या रोहिणीने मला घासून लख्ख केलं आणि पाणी साठवायला घेतलं. "हिच्यातून थेंब गळत नाही," असं ती शेजारणींना सांगायची. मी फुगून जायची.

मग पोशीरहून रोहिणीचे सासरे आले, दशरथ आबा. सारा जन्म त्यांनी भाताची शेती केली होती. गुडघे दुखू लागल्यावर जमीन भावाकडे सोपवून ते मुलाकडे राहायला आले. इथे दिवस जाता जाईना. एक दिवस त्यांनी मला गच्चीवर नेलं, गावाहून गोणीभर माती आणली, ती माझ्यात ठासून भरली आणि टोमॅटोची तीन रोपं लावली. दिवाळी नुकतीच झाली होती.

"आमचे आबा मुरलेले शेतकरी आहेत," रोहिणी सगळ्यांना म्हणाली. "आता बघा टोमॅटो."

आबा सकाळी पाणी घालायचे, संध्याकाळी घालायचे. भात पाण्यात उभं राहतं, तीच सवय त्यांच्या हाताला. पण माझ्या बुडाला भोक नव्हतं. पाणी जाणार कुठे? ते तळाशी साचलं. वरून माती साधी ओली दिसायची, खाली चिखल झाला होता. मुळं कुजायला लागली. मला सगळं कळत होतं. पानं पिवळी पडली, मग रोपांनी माना टाकल्या. आबांना वाटलं, रोपं तहानली आहेत. त्यांनी आणखी पाणी ओतलं.

इमारतीचे जिने भागी पुसायची. डोंगराखालच्या वाडीतून ती रोज चालत यायची, गच्चीच्या नळावर पाणी भरायची आणि त्यात फिनेल घालायची. रोपं मेली त्या रविवारी गच्चीवर बरेच लोक होते. कुणीतरी आबांना हसून म्हणालं, "काय आबा, शेतकऱ्याचीच रोपं मेली?"

आबांचा चेहरा उतरला. तेवढ्यात भागी बादली घेऊन वर आली.

"फिनेलचं पाणी तूच ओतलंस ना गं माझ्या रोपांत?" आबा म्हणाले.

"नाय वो आबा. मी कशाला ओतू?"

"मग कुणी? इथं फिनेल घेऊन दुसरं कोण येतंय?"

भागीने सगळ्यांकडे पाहिलं. तिच्या बाजूने कुणी बोललं नाही. ती खाली मान घालून जिना उतरली. दुसऱ्या दिवसापासून सोसायटीने तिला काढलं आणि दुसरी बाई ठेवली.

मित्रांनो, मी दोन हातांवर होते. दोष माझ्या पोटात होता आणि शिक्षा तिला झाली.

तीन आठवडे गेले. मेलेली रोपं काढायला रोहिणी वर आली आणि तिने मला आडवं केलं. काळं, कुजकट वासाचं पाणी गच्चीभर पसरलं. रोहिणीने नाकाला पदर लावला. मग वाकून तिने माझं बूड पाहिलं.

"आबा, हिला भोकंच पाडली नव्हती."

आबा जवळ आले. त्यांनी माझ्या बुडावरून हात फिरवला.

"फेकून देऊ का हिला?" रोहिणीने विचारलं.

"नको. आदी मला भागीकडं जाऊ दे."

चौकशी करता कळलं, भागी आता कर्जतच्या रस्त्यावर एका नर्सरीत कामाला होती. आबा मला घेऊन रिक्षाने तिथे गेले. ती पिशव्यांत रोपं भरत बसली होती. आबांनी मला तिच्यापुढे पालथं ठेवलं.

"चूक माझी हाय, भागी. पाणी हिच्यातच साचलं व्हतं. मला माफ कर."

भागीने मला पाहिलं, मग त्यांना पाहिलं. "बोललात सगळ्यांम्होरं," ती शांतपणे म्हणाली. "आन् माफी हितं मागता, जिथं कुणी नाय?"

आबांनी मान खाली घातली. माझ्यातही तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

पुढच्या रविवारी गच्चीवर सोसायटीची सभा होती. आबांनी भागीला बोलावून घेतलं. सगळ्यांसमोर उभं राहून ते म्हणाले, "या बाईवर मी खोटा आळ घेतला. रोपं माझ्या हातानं मेली. इतकी वर्सं शेती केली, पर बादलीचं बूड बघितलं नाय." चिटणीसांनी भागीला पुन्हा कामावर यायला सांगितलं.

"नको," भागी म्हणाली. "तिथं मी बरी हाय."

पण जाताना ती माझ्यापाशी थांबली. तिने सळई तापवून आणायला सांगितली आणि माझ्या बुडाला बोटभर जाडीची सहा भोकं पाडली. मला दोन विटांवर ठेवलं. "नुसती शेतातली माती घट्ट बसते, आबा," ती म्हणाली. "अर्धी माती घ्या, बाकी शेणखत आन् नारळाचा भुसा. बादलीत एकच रोप लावा, तिघांचं पोट हिच्यात भरत नाय. आन् बोट खुपसून बघा. बोट कोरडं निघालं तरच पाणी."

आबांनी तसंच केलं. रोप वाढलं तशी त्याला बांबूची काठी बांधली, पानांच्या बगलेतले फुटवे खुडले. फुलं आल्यावर भागीने निरोप पाठवला की सकाळी देठाला हलकी टिचकी मारा, म्हणजे फळ धरेल. मध्ये आबा तीन दिवस लग्नाला गेले आणि आल्यावर त्यांनी एकदम भरपूर पाणी ओतलं. त्या वेळी धरलेल्या घोसातल्या फळांची बुडं काळी पडली. त्यानंतर त्यांनी एकही दिवस चुकवला नाही. बोटाने माती बघायची आणि लागेल तेवढंच पाणी घालायचं. होळीच्या सुमारास माझ्यावर लालबुंद टोमॅटो लगडले.

पहिला तोडा भागीनेच करावा म्हणून आबांनी तिला बोलावलं. ती आली. टोमॅटो तोडता तोडता म्हणाली, "आबा, तुमी माफी मागितली, मी ऐकली. पर आळ घेतलात त्या दिवशी माझी पोर खाली जिन्यात बसली व्हती. तिनं तुमचं पयलं बोलणं ऐकलं. दुसरं नाय ऐकलं."

आबांनी हातातली टोपली खाली ठेवली.

"पोर आज घरी हाय का?"

"हाय. शाळेला सुट्टी हाय."

"मग मी येतो तुझ्यासंगं."

आणि गुडघे धरत धरत ते तिच्यामागून जिना उतरले. मी गच्चीतच राहिले. मला पाय असते तर मीही गेले असते, कारण त्या मुलीची माफी आबांइतकीच मीही मागायला हवी.

मित्रांनो, तुम्ही घरी बादलीत, डब्यात रोप लावाल तेव्हा आधी त्याच्या बुडाला भोकं पाडा. पाणी द्या, पण माती विचारून द्या. आणि तुमचं रोप कधी पिवळं पडलंच, तर कुणाकडे बोट दाखवण्याआधी आम्हाला एकदा उलटं करून बघा. आम्हाला बोलता येत नाही. आमच्या गप्प राहण्याची किंमत दुसऱ्या कुणाला मोजायला लावू नका.