खड्ड्यातला आवाज

रीताने माउस सरकवून नाटकांचं फोल्डर उघडलं आणि सासऱ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची संगणकासमोर ओढली. दुधराम मात्र उभाच राहिला. पडद्यावर वरच्या बाजूला लाल पट्टी आली होती: जागा भरली आहे.

“कालपासून शाळेचा एक मेल येऊन नाही राहिला, मामाजी,” ती म्हणाली. “सगळी जागा तुमच्या नाटकायनं खाल्ली.”

“मले वाटे, ढगात जागाच जागा राहते.”

“आपल्या वाट्याचा ढग भरला. जास्तीची जागा भाड्यानं भेटते. ह्यायले सांगू का?”

“माझ्याच आवाजाले मी भाडं भरू?”

रीता हसली. तिचा नवरा हिमांशु नागपूरला नोकरीला होता आणि अख्ख्या घराचं क्लाउडवरचं हे एकच खातं त्यानेच उघडून दिलं होतं. त्याआधी नाटकं घरातच राहायची आणि घरात राहून त्यांची व्हायची ती गत झाली. पहिला संगणक विजेने गेला. पेनड्राइव्ह कुण्या पाहुण्याच्या खिशातून गेला, तो पाहुणाही पुन्हा दिसला नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. दुधराम तर ताकालाही शिवत नव्हता. जे वर ढगात नाही ते नाहीच, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

आणि त्याला जपण्यासारखं होतंच. दिवाळी झाली, गावोगाव मंडईची जत्रा भरली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत रात्ररात्र नाटकं होतात. अर्जुनी मोरगावपासून वडशापर्यंत ‘धुऱ्यावरचा बाप’मधला बाप म्हणजे दुधराम, असं लोक वर्षानुवर्षं धरून चालले. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून सुपात धान पाखडावं तसा आवाज राहिला होता. खरा आवाज आता फक्त या फोल्डरात होता.

फोल्डरात दोन तऱ्हेचे व्हिडिओ होते. काही मंडळाने कॅमेरावाला आणून काढलेले, स्वच्छ. बाकीचे हिमांशुने मंचाच्या कडेला फोन उभा करून घेतलेले. तिथे मंचापुढेच एक खड्डा असतो आणि त्यात नाटकाची वही घेऊन प्रॉम्प्टर बसतो. नटाचं प्रत्येक वाक्य तो आधी हळूच सांगतो. दुधरामचा प्रॉम्प्टर योगराज. फोन नेमका त्याच्या डोक्याशी, त्यामुळे त्या व्हिडिओत प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू यायचं, आधी योगराजचं आणि मग दुधरामचं.

“फोनवाले सगळे काढून टाक,” दुधराम म्हणाला. “योगराजनं पार नास केला त्यायचा. दोन्ही आयकून पाय, पटन तुले.”

तिने आधी कॅमेऱ्याचा लावला. घर सोडून गेलेली लेक कित्येक वर्षांनी अंगणात उभी आहे. बाप तिच्याकडे बघतो आणि काही बोलत नाही. मंडपात सगळं चिडीचूप. मग तो भरदार आवाज येतो: “पोरी, दार उघडंच आहे.” बायकांच्या रांगांतून हुंदके ऐकू येतात.

दुधराम आता खुर्चीत बसला होता, पाठ ताठ करून.

“हे थांबणं कोणाले जमत नाही,” तो म्हणाला. लग्न होऊन आल्यापासून रीताने हे इतक्यांदा ऐकलं होतं की तिनेच त्याला प्रॉम्प्ट केलं असतं.

मग तिने फोनवाला लावला. तोच प्रवेश, मंच तिरपा, पेटीवाल्याचं अर्धं डोकं मध्ये. बाप गप्प झाला आणि खालून, गालात तंबाखूचा खर्रा धरलेला आवाज आला.

“थांब... थांब, दुधराम. घाई नोको करू. समोरची बुढी पदर शोधून राहिली. रडू दे तिले... हं. आता. पोरी, दार उघडंच आहे.”

“पोरी, दार उघडंच आहे,” व्हिडिओतला बाप म्हणाला.

रीताने व्हिडिओ थांबवला. सासऱ्याकडे बघायचं तिने टाळलं.

दुधरामला हे ठाऊक नव्हतं असं नाही. रोजचंच होतं ते, आणि रोजचं म्हणून विसरलं होतं. दोन वर्षांमागे धानाच्या कापणीच्या दिवसांत योगराज वारला. तेव्हापासून ‘थांब, दुधराम’ असं त्याला कोणी म्हटलं नव्हतं. त्याला योगराजची फार आठवण आली. त्याने चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला.

“जड कोणते आहेत यातले?”

“कॅमेऱ्याचे. चारपट जड आहेत.”

“मंग तेच काढ. जागा बी जास्त होईन.”

“मामाजी, तुमचा आवाज त्यायच्यातच साफ आहे. इथून काढलं का वरूनही जाते, फोनातूनही जाते. कचरापेटी खाली केली तं परत नाही भेटत.”

“माझा आवाज यात बी आहे.”

“योगराजकाकांच्या मागून आहे.”

“मागूनच होता, बाई.”

रीताने एकेक करून कॅमेऱ्याचे व्हिडिओ निवडले. बोट ठेवून थोडी थांबली. त्याने मान हलवली, तेव्हा कळ दाबली. मग कचरापेटीही खाली केली. लाल पट्टी गेली आणि अडकलेले शाळेचे मेल एकामागून एक येऊ लागले. तिने त्यातला एकही उघडला नाही.

“तो फोनवाला लाव अजून एकडाव.”

तिरपा मंच पुन्हा आला. “थांब, दुधराम,” योगराज म्हणाला. दुधराम खुर्चीत थांबला. रस्त्यावरून धानाचा ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज दूर जाईपर्यंत योगराज बुढीच्या पदराबद्दल बोलत होता.

“हं. आता. पोरी, दार उघडंच आहे.”

रीताने तिथेच व्हिडिओ थांबवला. दुधरामने घसा साफ केला आणि आहे त्या आवाजात म्हणाला,

“पोरी, दार उघडंच आहे.”